पुसलेला पडदा



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाविषयी काय बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. पण आमच्या युनियनच्या कचेरीत संगणक एकच आणि त्यापुढे बसणारे पाच-सहा. एकाने टर्मिनलवर कंत्राटी कामगारांच्या तक्रारींची यादी काढली, वाचली आणि 'कंट्रोल' व 'एल' या कळा दाबून पडदा कोरा केला. पुढच्याने माउसचे चाक वर फिरवले, तर सगळी नावे पुन्हा हजर! ज्याची हजेरी रोज सकाळी फाटकावर ठरते, त्याचे नाव असे फुटले तर दुसऱ्या दिवशी त्याला फाटक उघडेलच असे नाही.

असे का व्हावे? पूर्वी टेलिप्रिंटर कागदाच्या भेंडोळ्यावर छापी. कागद फाडला की संपले. पुढे काचेचे पडदे आले. त्यांतले १९७८ सालचे व्हीटी-१०० फार गाजले. त्यात वर सरकून गेलेली ओळ कायमची जाई. आजचे टर्मिनल त्याच यंत्राची नक्कल करते. पण वर गेलेल्या ओळी टाकून न देता साठवून ठेवते. सोय मोठीच. मात्र पडदा पुसण्याची जुनी खूण त्या साठ्याला हात लावीत नाही.

ती खूण म्हणजे एस्केप, चौकोनी कंस, दोनचा आकडा आणि जे. 'एक्सटर्म' या प्रोग्रामने दोनच्या जागी तीन घालून साठा पुसण्याची सोय केली, ती पुढे इतरांनीही उचलली. 'प्रिंटएफ' या आज्ञेने ही खूण पाठविता येते. लिनक्सवर आता नुसते 'क्लिअर' लिहिले तरी, टर्मिनलला ही खूण कळत असल्यास, दोन्ही पुसले जाते. त्यापुढे उणे चिन्ह आणि एक्स लिहिले की साठा राहतो. 'टीमक्स'मध्ये काम करणाऱ्याने त्याचा वेगळा साठा 'क्लिअर-हिस्टरी'ने पुसावा.

एवढ्याने भागत नाही. आपण टाइप केलेल्या आज्ञांची बॅश निराळी नोंदवही ठेवते. एखाद्याचे नाव घालून शोध घेतला असेल, तर ते नाव तिथे उरतेच. 'हिस्टरी उणे सी'ने चालू यादी रिकामी होते. 'हिस्टरी उणे डब्ल्यू'ने ती कोरी यादी फाइलवर उतरते. आमचे काही सभासद 'क्लिअर' लिहायलाच भितात. वर्गणीचा हिशेबही जाईल, असे त्यांना वाटते. तसे काही होत नाही, मूळ फाइल जागच्या जागी राहते.

कचेरीत आता या आज्ञा खडूने फळ्यावर लिहिल्या आहेत. चहाला उठणाऱ्यालाही सवलत नाही.