‘घरीच असते’ म्हणू नका

आम्ही पिंप्राळ्याच्या बचत गटातल्या बाया. हातातलं काम थांबवू नका, कान तेवढा इकडे द्या. गोष्ट त्या कामाचीच आहे.

परवा अर्ज भरताना आमच्यातल्या एकीला विचारलं, “काम काय करता?” ती म्हणाली, “काही नाही, घरीच असते.” त्याच दिवशी तिने पहाटे म्हशीची धार काढली होती, सहा माणसांच्या भाकरी थापल्या होत्या आणि घरच्या वावरात दुपारपर्यंत कापूस वेचला होता. तोच कापूस दुसऱ्याच्या वावरात वेचला असता, तर किलोप्रमाणे मजुरी मिळाली असती. घरच्या वावरात वेचला, म्हणून ते ‘काही नाही’!

सरकारने २०२४ मध्ये देशभर लोकांच्या दिवसाचा हिशोब काढला. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ८८ मिनिटं. मुलांचं आणि आजाऱ्यांचं करणं यात नाही, ते वेगळं.

आता जनगणनेचं ऐका. २०११च्या जनगणनेत घरच्या शेतात बिनमजुरीने राबणं, इतकंच काय, घरापुरतं दूध काढणं हेही ‘काम’ धरलं होतं. स्वयंपाक, धुणंभांडी मात्र धरलं नव्हतं. पण दारात आलेल्या माणसाला आपणच, नाहीतर ओट्यावर बसलेल्या भाऊंनी, “ती घरीच असते” असं सांगितलं, तर वावरातलं कामही कागदावर येत नाही. मग शेतकरी म्हणून आपल्याला कोण ओळखणार?

आणि घरकामाला किंमत नाही, असंही नाही. अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात ५ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचं मोल भरपाईत धरलं पाहिजे. पण बाई गेल्यावरच तिच्या कामाचा हिशोब का व्हावा?

आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी घरात, शेतात राबता राबता गाणी रचायच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी ती लिहून घेतली, म्हणून टिकली. पण पुस्तक निघालं १९५२ साली. बहिणाबाई १९५१ मध्येच गेल्या होत्या.

म्हणून बहिणींनो, उशीर नको. उद्या एक दिवस पहाटेपासून निजेपर्यंतचं काम वेळेसकट लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीला नको, मुलाला लिहायला बसवा. त्यालाही कळू द्या. रात्री जेवताना तो कागद सगळ्यांसमोर वाचा, आणि यातलं एक काम उद्यापासून कोण उचलणार, ते तिथेच विचारा. जनगणनेचा माणूस दारात आला, की स्वतः पुढे व्हा आणि सांगा, “मी शेती करते, गुरं सांभाळते, घरही चालवते.”

पुढच्या बैठकीला कागद घेऊन या. आम्हीही आमचे आणतो.