काल्हेरला आलेला विनोद कांबळी

हेडफोन लावून लोकलला लटकलेले, गोडाउनच्या नाइट शिफ्टला निघालेले, सगळ्यांना नमस्कार. मी नेहमीसारखा भिवंडीतल्या वळ गावातून बोलतोय. मागे ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या, इथे तो कधीच बंद नसतो.

आज थोडं माझ्या चुकीबद्दल बोलायचंय.

ऑगस्ट २०२४. एक व्हिडिओ फिरत होता. विनोद कांबळी रस्त्यात उभा, पाय लटपटतायत, दोघंतिघं त्याला धरून बाजूला नेतायत. मी तो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. खाली हसणारे दोन इमोजी. वर सगळ्यांचे लाइक्स. संपला विषय.

मग डिसेंबरमध्ये, २१ तारखेला, कांबळीला अ‍ॅडमिट केलं. कुठे? काल्हेरच्या आकृती हॉस्पिटलमध्ये. म्हणजे आमच्या शेजारी! वळहून बाइक काढली की मेट्रोच्या खांबांचं ट्रॅफिक धरूनही काही मिनिटांत तिथे. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्ताच्या गुठळ्या आहेत. ज्याला मी 'पिऊन पडलाय' म्हणून फॉरवर्ड केला होता, त्याच्या डोक्यात काय चाललंय हे मला कुठे ठाऊक होतं? दारूचा त्रास त्याला होता, हे त्याने स्वतः जाहीर सांगितलंय, अनेकदा रिहॅबला जाऊन आलोय हेही. पण त्या दिवशीच्या व्हिडिओत नेमकं काय होतं, हे मी ठरवून टाकलं. तीस सेकंदांत.

माझा जन्म १९९७ चा. कांबळीला खेळताना मी पाहिलेलंच नाही. म्हणून घरी काकाला विचारलं. काका गोडाउनला सुपरवायझर, बोलतो कमी. पण कांबळी म्हटल्यावर सुरू झाला तो थांबेना.

तर ऐका. कांजूरमार्गचा मुलगा. वडील गणपत कांबळी मेकॅनिक, स्वतः क्लब क्रिकेटमध्ये बॉलिंग टाकायचे. पोरगा शिवाजी पार्कला रमाकांत आचरेकर सरांकडे, शारदाश्रम शाळेत. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शिल्ड, समोर सेंट झेवियर्स. कांबळी नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६, भागीदारी ६६४. डाव घोषित करा म्हणून निरोप येत होते आणि ही दोन पोरं तिकडे बघतच नव्हती! वर कांबळीने बॉलिंगमध्ये सहा विकेट काढल्या, हे कोणी सांगत नाही.

१८ जानेवारी १९९३, जयपूर, एकविसाव्या वाढदिवशी इंग्लंडविरुद्ध वनडेत शतक. त्याच महिन्यात टेस्ट पदार्पण. पुढच्या महिन्यात वानखेडेवर २२४, मग दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७, मग श्रीलंकेत १२५ आणि १२०. १४ डावांत हजार रन. शारजात शेन वॉर्नच्या एका ओव्हरमध्ये २२ रन काढले ते वेगळंच.

आता माझ्यातला इंजिनीअर गप्प बसत नाही. सगळे म्हणतात, ५४.२० ची सरासरी आणि तरी बाहेर काढला, अन्याय! मी आकडे फोडून बघितले. पहिल्या ७ टेस्टमध्ये ७९३ रन, सरासरी ११३. पुढच्या १० टेस्टमध्ये २९१ रन, सरासरी २२ च्या आसपास. म्हणजे ५४ हा आकडा कुठल्याच कांबळीचा नाही. १९९४ च्या शेवटी वेस्ट इंडिजवाले आले आणि आखूड टप्प्याच्या बॉलिंगवर तो अडकला. नोव्हेंबर १९९५ मध्ये कटकला शेवटची टेस्ट. वय २३! टीममधून काढलं हे एक वेळ समजू शकतं. पण २३ व्या वर्षी दार कायमचं बंद? त्या वयात मी इंटर्नशिपचे कोड बिघडवत होतो आणि सीनियर शेजारी बसून दुरुस्त करून द्यायचा.

कांबळीच्या शेजारी कोण होतं, मला नाही समजत. २०२२ मध्ये टीमबरोबर मेंटल कंडिशनिंगचा कोच फिरायचा. खेळाडूंना बोर्डाचे वार्षिक करार मिळतात, आयपीएल आहे. तेव्हा यातलं काही नव्हतं. एकदम पैसा, एकदम नाव, आणि मग एकदम काहीच नाही. अर्थात सचिन पण त्याच गल्लीतून गेला, असं तुम्ही म्हणाल. खरंय. कांबळीच्या चुका त्याच्याच आहेत, त्या मी धुऊन काढत नाही.

१३ मार्च १९९६. ईडन गार्डन्स, वर्ल्ड कपची सेमीफायनल. टार्गेट २५२, आपण ८ बाद १२०, लोकांनी बाटल्या फेकल्या, मॅच श्रीलंकेला दिली. कांबळी नाबाद १०, रडत मैदानाबाहेर. काका म्हणाला, "तो रडत व्हता ना, आमी पन रडलो. गावात एकच टीव्हीसमोर सगले."

अमेरिकन फुटबॉलमध्ये अँटोनियो ब्राउन नावाचा रिसीव्हर होता. सुपर बोलमध्ये टचडाउन केलेला माणूस. २ जानेवारी २०२२ ला चालू मॅचमध्ये जर्सी काढून तो मैदानाबाहेर निघून गेला. तो रील तुम्ही पण बघितला असेल. त्याचा एक तरी कॅच आठवतो का? मला नाही आठवत.

२०२२ मध्ये कांबळीने सांगितलं होतं की बोर्डाची महिना ३० हजार पेन्शन हेच त्याचं उत्पन्न. ३ डिसेंबर २०२४ ला शिवाजी पार्कला आचरेकर सरांच्या स्मारकाच्या कार्यक्रमात त्याने सचिनचा हात घट्ट धरला, तेही व्हायरल. त्यानंतर अठरा दिवसांनी काल्हेर. कपिल देव म्हणाले होते, रिहॅबला जा, आम्ही मदत करतो. पुढे एप्रिल २०२५ पासून सुनील गावसकरांच्या संस्थेने महिना ३० हजार सुरू केले.

हॉस्पिटलला काका मला घेऊन गेला होता. बाहेर पोरं मोबाइल वर करून उभी. मीही खिशात हात घातला, आणि काकाकडे बघून काढला नाही. काका आत गेला नाही, कोणाला भेटायचं म्हणाला नाही. समोरच्या टपरीवर चहा घेतला, पाऊण तास वरच्या खिडक्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, चल, गाडी लोड करायची हाय.

१ जानेवारीला कांबळीला डिस्चार्ज मिळाला. त्या रात्री मी ग्रुपवर मागे जाऊन तो व्हिडिओ शोधला. 'डिलीट फॉर एव्हरीवन' आता चालत नाही, वेळ निघून गेलीय. म्हणून खाली लिहिलं, हा मी टाकायला नको होता. एकाने थम्ब्स अप दिला, बाकी कोणी काही बोललं नाही.