साखर, दमा आणि कळसूबाईची वाट

कोल्हारच्या घाटाला लागणारं प्रवरेचं पाणी रतनगडाच्या बाजूनं येतं. त्याच मुलखात, आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, १६४६ मीटर उंचीचं कळसूबाईचं शिखर उभं आहे. नवरात्रात देवीच्या दर्शनाला माणसं तिथल्या लोखंडी शिड्या चढतात, त्यांत म्हातारीकोतारीही असतात. कुणाला साखर आहे, कुणाला दमा, हे पायथ्याच्या बारी गावात कुणी विचारत नाही. ट्रेकच्या फॉर्मवर मात्र ‘मधुमेह’ लिहिलं की नाव गळेल, ही धास्ती असते. एकीकडे पूर्ण बेफिकिरी, दुसरीकडे सरसकट मनाई. मला दोन्ही चुकीचं वाटतं.

विरळ हवेचा त्रास सहसा २५०० मीटरच्या वर सुरू होतो, तेव्हा कळसूबाईवर प्रश्न उंचीचा नाही, श्रमाचा आहे. चढताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर त्यामुळे झपाट्यानं उतरू शकते, कधी तर उतरून आल्यावर रात्री झोपेत. दरदरून घाम, हातांना कंप, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं नुसत्या दमणुकीसारखीच दिसतात, आणि शिडीवर ती ओळखायची असतात सोबत्यानं. म्हणून डोस आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावा, ग्लुकोज सॅकच्या तळाशी नव्हे तर खिशात असावं, इन्सुलिन उन्हात तापू देऊ नये. दमेकऱ्याचा इनहेलरही हाताशी हवा. ऑस्ट्रियाचे गेरी विंकलर इन्सुलिनवर असूनही २००६ साली मृत समुद्राच्या काठावरून निघून एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. आपल्याला एव्हरेस्टशी काय करायचंय म्हणा! पण केवळ आजाराच्या नावावरून निकाल देता येत नाही, एवढं त्यातून दिसतं.

यावर कुणी म्हणेल, एकाच्या हौसेपायी सगळ्यांचा जीव का टांगणीला लावायचा? आक्षेप रास्त आहे. कड्यावरून आजारी माणूस स्ट्रेचरवर खाली आणायला तासन्‌तास लागतात. पण नाव गळण्याच्या भीतीनं माणूस फॉर्मवर ‘आजार नाही’ लिहितो, आणि लपवलेला आजारच सोबत्यांना महाग पडतो. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यानं, चालताना छातीत दुखणाऱ्यानं किंवा पायाला न भरणारी जखम असलेल्यानं मात्र थांबावंच. तिथे हट्ट उपयोगाचा नाही. बाकीच्यांसाठी ट्रेक नेणाऱ्या मंडळींना विनंती आहे: औषध कोणतं, ते कुठल्या कप्प्यात आहे आणि त्रास झाला तर काय द्यायचं, हे तीन प्रश्न फॉर्मवर घाला. आणि येणाऱ्यांनी त्यांची खरी उत्तरं लिहावीत.