घरी बांधलेले विमान
(नांदेड येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेले भाषण)



घरी विमान बांधणे हा आपल्याकडे चेष्टेचा विषय समजला जातो, आणि चेष्टा करणाऱ्यांत आपण सुशिक्षित मंडळीच आघाडीवर असतो. अन्यत्र मात्र हा उद्योग केव्हाच रीतसर रुजला आहे. अमेरिकेत कर्टिस पिट्स यांनी १९४४ साली एकाच माणसापुरते, एकावर एक पंखांच्या दोन जोड्या असलेले छोटे विमान उडविले. ते आकाशात कोलांट्या घेई, पाठीवर उडे. पुढे त्याचे आराखडे हौशी कारागिरांना विकत मिळू लागले. डेन्व्हर शहरातील लामार स्टीन हे तर शाळाशिक्षक. विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हाती घेता यावे, अशा बेताने त्यांनी ‘स्कायबोल्ट’ हे दोन आसनी कसरती विमान रेखाटले. त्याचे पहिले उड्डाण १९७० मध्ये झाले आणि १९९१ पर्यंत अशी चारशेहून अधिक विमाने पुरी झाली. येथे उपस्थित असलेल्या शिक्षकबंधूंनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे.

अशा विमानाची रचना कानावर पडली तर ती फारशी परकी वाटत नाही. धडाचा सांगाडा पोलादी नळ्या वेल्डिंगने जोडून उभा करतात. पंखांत लाकडी तुळया व फासळ्या असतात, त्यावर कापड ताणून बसवितात आणि लेप देऊन ते ढोलाच्या कातड्याप्रमाणे घट्ट करतात. वेल्डर, सुतार, शिंपी, रंगारी हे सारे हात लातूर-नांदेडच्या कोणत्याही मोठ्या गावात सापडतील. परंतु नळी बाजारातली पाण्याची चालत नाही, ती क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचीच लागते. लाकडाला गाठ चालत नाही, त्याचा रेषाही सरळ हवा. याचे कारण असे की, कसरतीच्या वेळी भार सहापटीपर्यंत वाढू शकतो. सत्तर किलोचा वैमानिक त्या क्षणी आसनावर चारशे वीस किलोचे वजन टाकतो आणि तोच गुणाकार प्रत्येक जोडाला सोसावा लागतो. आराखड्याचे मोल येथे कळते. दुसऱ्याने आधी केलेले गणित आणि घेतलेल्या चाचण्या त्या कागदात साठलेल्या असतात.

या कामात एक टप्पा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. कापड चढविण्यापूर्वी, सांगाडा उघडा असतानाच, जाणत्या माणसाकडून प्रत्येक जोड तपासून घेतात. कारण एकदा कापड चढले की आतला दोष झाकला जातो. घरकुलाचे काम जोत्यापर्यंत आले की पाहणी होते आणि मगच पुढचा हप्ता सुटतो, हे पंचायत सदस्यांना मी सांगायला नको. तत्त्व एकच आहे.

आता आपल्या राज्यातील उदाहरण. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. मुंबईच्या कांदिवली भागात, चारकोप येथील राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. आधीचे प्रयत्न साधले नव्हते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. (ते गच्चीवरून उतरविणे हेच एक वेगळे प्रकरण होते!) परंतु विमान तयार होणे आणि ते उडविण्याची परवानगी मिळणे यांत मोठे अंतर पडले. नोंदणीचा अर्ज २०११ साली केलेला, नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, आणि उड्डाणाची अनुमती ऑक्टोबर २०१९ मध्ये. २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले.

हा सारा विलंब केवळ दफ्तरदिरंगाईचा होता, असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला माणसांच्या जिवाची जबाबदारी असते आणि गच्चीवर बांधलेले विमान ही नित्याची बाब नव्हे. तरीही माझे मत स्पष्ट आहे. ‘नाही’ म्हणायचे तर ते कारणासह आणि वेळेत म्हटले पाहिजे. ‘विचाराधीन’ या शब्दाखाली माणसाची उमेदीची वर्षे निघून जातात.

याची दुसरी बाजू अधिक दुःखद आहे आणि ती आपल्या सीमेलगतच घडली. नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात एका तरुण कारागिराने स्वतः हेलिकॉप्टर बांधले. शिक्षण थोडे, पण हात कुशल. ऑगस्ट २०२१ मध्ये मोटारगाडीचे एंजिन बसवून जमिनीवर चाचणी घेत असताना पाते तुटले व त्याच्या डोक्याला लागले. तो दगावला. वृत्तपत्रांनी त्याच्या जिद्दीची वाखाणणी केली. मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. फिरणाऱ्या पात्यापासून किती अंतरावर उभे राहावे, एंजिन दुरून कसे बंद करावे, जोड कोणाला दाखवावा, हे त्याला सांगणारे कोण होते? यादवांजवळ वैमानिकाचे ज्ञान होते, आणि कोणत्या कार्यालयाचे दार ठोठवावे याची जाण होती. गावच्या मुलाजवळ यांतले काहीच नसते. त्याचे यंत्र पाहायला सारे गाव जमते, पण तपासायला कोणी जात नाही.

नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांजवळ धावपट्टी आहे. विष्णुपुरीला अभियांत्रिकी संस्था आहे, लातूरला तंत्रनिकेतन आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डिंगचे निदेशक आहेत. तेव्हा एखादा मुलगा असे यंत्र बांधतो आहे असे कानी आले, तर ग्रामसेवकाने किंवा मुख्याध्यापकाने प्रथम त्याच्याकडे जावे. सत्कार नंतर करता येईल. आराखडा कोणाचा आहे, हे विचारावे. जवळच्या संस्थेतील निदेशकाला सांगाडा दाखवावा आणि त्याचा अभिप्राय लेखी घ्यावा. महासंचालनालयाशी पत्रव्यवहार करायचा तर मसुदा करून देण्यास शिक्षकाने बसावे. मुलाला ती भाषा येत नसते. आणि तोवर एंजिन चालू करायचे झाल्यास यंत्र जमिनीला पक्के जखडलेले असावे, पाती काढून ठेवलेली असावीत आणि बघ्यांना आवारात येऊ देऊ नये.