कालाहारीतील एक शाळा



आजच्या भाषणासाठी मी एका लहानशा रानटी प्राण्याचा विषय निवडला आहे. पालकांच्या सभेत प्राण्याचे काय काम, असे काहींच्या मनात आले असेल. त्याचे कारण एवढेच की, हा प्राणी आपल्या पिलांना शिकवतो. 'शिकवतो' हा शब्द मी विचारपूर्वक वापरीत आहे. पिले मोठ्यांचे पाहून शिकतात, हे तर पुष्कळ प्राण्यांत दिसते. पण मोठ्याने स्वतः तोशीस सोसून, पिलाची इयत्ता ओळखून त्याला धडा द्यावा, हे फार थोड्या प्राण्यांत सिद्ध झाले आहे. त्यांपैकी एक म्हणजे मीरकॅट.

दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना आणि नामिबिया या देशांत कालाहारी हा रखरखीत वालुकामय प्रदेश पसरलेला आहे. तेथे मीरकॅट राहतो. आपल्याकडील मुंगसाच्याच कुळातला हा प्राणी. वजन पाऊण किलोच्या आसपास. सकाळी बिळाबाहेर येऊन मागच्या पायांवर ताठ उभे राहायचे आणि पोटाला ऊन घ्यायचे, ही त्याची ओळख. 'द लायन किंग' या १९९४ सालच्या चित्रपटातील टिमॉन तो हाच. केंब्रिज विद्यापीठाचे प्राध्यापक टिम क्लटन-ब्रॉक यांनी १९९३ साली दक्षिण आफ्रिकेत कुरुमान नदीच्या कोरड्या पात्राजवळ या प्राण्यांचा अभ्यास सुरू केला. तेथील मीरकॅटना माणसांची इतकी सवय झाली की, उकडलेल्या अंड्याच्या कणासाठी ते आपण होऊन तराजूवर चढतात. त्यामुळे कोणाचे वजन किती घटले, किती वाढले, याची नोंद अभ्यासकांना ठेवता आली. आज मी जे सांगणार आहे त्यातील बरेचसे या नोंदींमुळेच कळले आहे.

मीरकॅट टोळीने राहतात. एका टोळीत साधारणपणे दहा-वीस प्राणी असतात, क्वचित पन्नासही. दिवसभर वाळू उकरून किडे, अळ्या, पाली आणि विंचू शोधायचे, हा त्यांचा उद्योग. परंतु डोके वाळूत घातले की वरचा गरुड दिसत नाही आणि मागचा कोल्हाही दिसत नाही. म्हणून एखादा मीरकॅट झुडपावर किंवा वारुळावर चढून पहारा करतो आणि मधूनमधून हलका आवाज काढत राहतो. त्याचा अर्थ, 'मी जागेवर आहे, तुम्ही निर्धास्त खा.' संकट दिसले की त्याची हाक बदलते. मार्टा मान्सर या संशोधिकेने दाखवून दिले की, आकाशातील शत्रूसाठी हाक वेगळी, जमिनीवरील शत्रूसाठी वेगळी, आणि धोका किती जवळ आला हेही त्या हाकेतून कळते.

हा पहारा म्हणजे मोठा त्याग, असे पूर्वी समजत असत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून निराळेच निघाले. ज्याचे पोट भरलेले असते तोच बहुधा पहाऱ्याला जातो, आणि शत्रू प्रथम त्यालाच दिसत असल्याने तो स्वतःही सुरक्षित राहतो. उपाश्यावर ओझे नाही, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू या. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

येथे आपल्या ओळखीच्या एका पक्ष्याचा उल्लेख करतो. आपल्या तारांवर बसणारा काळा कोतवाल आपण पाहतोच. त्याचा आफ्रिकेतील भाऊबंद मीरकॅटांच्या मागोमाग हिंडतो. गरुड दिसला की तो ओरडतो आणि मीरकॅट पळून जीव वाचवतात. परंतु कोणाला मोठे भक्ष्य सापडले की हा पठ्ठ्या खोटीच हाक देतो, मीरकॅट भक्ष्य टाकून पळतात आणि कोतवाल ते उचलतो! टॉम फ्लॉवर या संशोधकाने ही लबाडी तपशीलवार नोंदली आहे. कोतवालच चोर झाला म्हणतात तो असा.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. टोळीतील बहुतेक पिले एका प्रमुख मादीची असतात, पण ती वाढवते सारी टोळी. पहिले तीनेक आठवडे पिले बिळातच असतात. टोळी चरायला गेली की एखाद-दुसरा मीरकॅट त्यांच्या राखणीला थांबतो. हा राखणदार दिवसभर उपाशी असतो. त्याचे वजन एका दिवसात सुमारे १.३ टक्क्यांनी घटते, तर चरायला गेलेल्यांचे सुमारे १.९ टक्क्यांनी वाढते. पन्नास किलोच्या माणसाचे एका दिवसात साडेसहाशे ग्रॅम वजन उतरावे, तसे हे झाले. म्हणूनच राखणदार सहसा बदलत राहतात, आणि जे अधिक खाऊन-पिऊन असतात ते या कामाचा अधिक भार उचलतात.

सुमारे महिन्याची झालेली पिले टोळीबरोबर निघतात आणि मोठ्यांच्या मागे लागून खाणे मागतात. येथे शाळा सुरू होते. या शाळेतील अवघड विषय म्हणजे विंचू. कालाहारीतील काही विंचवांचे विष माणसाचाही प्राण घेऊ शकते. पिलाला विंचू न देऊन भागत नाही, आणि अखंड विंचू एकदम देऊनही भागत नाही. मग मोठे काय करतात? अगदी लहान पिलाला मेलेला विंचू देतात. थोड्या मोठ्याला जिवंत, पण नांगी तोडलेला. त्याहून मोठ्याला नांगीसकट जिवंत विंचू. एवढे करून ते निघून जात नाहीत. पिलू खाते की नाही ते पाहत थांबतात. पिलू बिचकले तर विंचू नाकाने त्याच्याकडे पुन्हा ढकलतात. विंचू निसटला तर तो पकडून परत आणून देतात.

अॅलेक्स थॉर्नटन आणि कॅथरीन मॅकऑलिफ यांनी २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध केले. त्यांनी दोन सुरेख प्रयोग केले. वयाबरोबर पिलांचा खाणे मागण्याचा आवाज बदलतो. लहान पिले असलेल्या टोळीला मोठ्या पिलांचे आवाज ध्वनिमुद्रणातून ऐकवले, तेव्हा मोठे मीरकॅट जिवंत भक्ष्य अधिक देऊ लागले. उलट केले तेव्हा मेलेले भक्ष्य अधिक देऊ लागले. दुसऱ्या प्रयोगात काही पिलांना तीन दिवस नांगी काढलेले जिवंत विंचू दिले, काहींना मेलेले विंचू आणि काहींना नुसते उकडलेले अंडे. नंतर सर्वांची परीक्षा घेतली, तेव्हा जिवंत विंचवावर सराव केलेली पिलेच सरस ठरली. पोट तिघांचेही भरले होते. विद्या एकालाच आली.

मीरकॅट पिलाचे मन ओळखतो, असा अर्थ मात्र यातून काढू नये. तो आवाज ऐकतो आणि त्याप्रमाणे वागतो, एवढेच सिद्ध झाले आहे. आवाज खोटा असला तर तोही फसतो.

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. ही टोळी म्हणजे संतांचा मेळा नव्हे. प्रमुख मादी दुसऱ्या माद्यांची पिले पुष्कळदा मारून टाकते आणि त्यांना टोळीतून हाकलून देते. २०१६ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात एक हजाराहून अधिक सस्तन प्राण्यांची तुलना होती. स्वजातीयांकडून होणाऱ्या मृत्यूंत मीरकॅटचा क्रमांक पहिला लागला. सुमारे १९ टक्के. तेव्हा प्राण्यांकडून नीती उसनी घ्यायची नसते. त्यांचे काम पाहून आपले काम तपासायचे असते.

ते तपासताना, पालकहो, मला दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, आपल्यापैकी काही जण मुलाला जन्मभर मेलेला विंचूच देतात. बँकेचा अर्ज वडील भरतात, गृहपाठ शिकवणीतले सर करून देतात, आणि मुलगा महाविद्यालयात गेला की पहिल्याच डंखाने घाबरतो. काही जण याच्या उलट करतात. पाचवीतल्या पोराला नांगीसकट विंचू देतात आणि त्याला डंख झाला की वर म्हणतात, 'याला डोके नाही.' कोणत्या मुलाला आज काय पेलेल, ते त्याच्या आवाजावरून ओळखा. आवाज ओळखायचा तर आधी तो ऐकावा लागतो. महिन्यातून एक संध्याकाळ मुलाजवळ बसून त्याचे अडलेले गणित त्याच्याच तोंडून ऐका. तुम्हाला गणित येत नसले तरी चालेल.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. आपल्या घरांत धाकट्यांची राखण कोण करते? थोरली आपा. अम्मी कामावर गेली, घरी बाळ आजारी पडले, पाहुणे आले की वर्गात गैरहजेरी लागते ती तिचीच, आणि परीक्षेत मागे पडते तीही तीच. मीरकॅटांची राखणही फुकट होत नाही. परंतु तेथे राखणदार बदलतो आणि भरल्या पोटी असलेला अधिक भार घेतो. आपल्याकडे अब्बा आहेत, चाचा आहेत, फूफी आहे, मोठा भाऊ आहे. एकाच मुलीच्या शाळेवर सर्व बाळांची राखण का उभी असावी? घरात पाळी लावा, एवढीच माझी विनंती आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक सांगतो. गुरुजींनी अवघड उदाहरण घातले आणि ते अडले म्हणून तुम्ही वही मिटलीत, तरी ते तेच उदाहरण पुन्हा तुमच्यापुढे ठेवतील. त्याला छळ समजू नका. आता तुम्हाला जिवंत विंचू पेलेल, असे कोणाला तरी वाटले आहे, हा त्याचा अर्थ.