हे नऊ हजार कुणाचे?

आजचा भाग इंटर्नशिपवर आहे. गेल्या महिन्यात बऱ्याच जणांनी विचारलं, "दादा, सुट्टीत अकाउंटिंगची इंटर्नशिप मिळतेय, पण मी इंजिनिअरिंगला आहे. करू का?" उत्तर शेवटी देतो. आधी माझी गोष्ट ऐका.

साल 2017. बीटेकचं दुसरं वर्ष संपवून मी वालचंदनगरला घरी आलो होतो. आमचं गाव तुम्हाला माहीत असेलच. इंदापूर तालुक्यात, नीरेच्या काठाला, वालचंद हिराचंद यांच्या नावाने वसलेलं. आजूबाजूला सगळा ऊस आणि मधोमध अवजड यंत्रांचा कारखाना, जिथे इस्रोच्या रॉकेटच्या मोटरची आवरणं बनतात. अशा गावातल्या इंजिनिअरिंगच्या पोराने सुट्टीत कुठे जायचं? कारखान्यात! पण मी अर्ज भरायचा आज-उद्या करत राहिलो आणि तारीख निघून गेली. चूक पूर्ण माझी.

वडील म्हणाले, "दीड महिना घरात मोबाईल बघत बसणार असशील तर त्यापेक्षा जंक्शनला साहेबांच्या ऑफिसात जा." साहेब म्हणजे एक करसल्लागार. दोन खोल्यांचं ऑफिस, तीन कॉम्प्युटर, भिंतभर फायली. महिना 3,000 रुपये आणि दुपारचा चहा. आता कॉमर्सवाले म्हणतील, ही काय आर्टिकलशिप आहे का? नव्हतीच. सीएची आर्टिकलशिप वेगळी, तिची रीतसर नोंदणी असते. मी आपला सुट्टीतला पोऱ्या.

पहिल्या दिवशी मला वाटलं, हे काय, दोन दिवसांचं काम आहे. मला सी-प्लस-प्लस येतं, टॅली काय चीज आहे! तिथल्या ताईंनी मला टॅलीसमोर बसवलं. एफ-5 पेमेंट, एफ-6 रिसीट, एफ-7 जर्नल. मग एक बिल हातात देऊन म्हणाल्या, "नावे काय, जमा काय, सांग." मी गप्प. बटणं कळली होती, हिशोब कळला नव्हता. पहिला आठवडा त्यातच गेला.

त्यात ते दिवस जीएसटीचे. 1 जुलैपासून लागू होणार होता आणि ऑफिसात नुसती जत्रा. खतवाले, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टवाले, किराणावाले, सगळ्यांचा एकच प्रश्न, "आमच्या मालाला किती टक्के?" 5, 12, 18, 28 हे दर आम्ही पाठ केले होते. आणि 30 जूनला, अगदी आदल्या दिवशी, खतांचा दर 12 वरून 5 टक्के झाला! ताईंनी प्रिंट काढलेली यादी पुन्हा काढली.

पण मला सांगायची गोष्ट जीएसटीची नाही. ती आहे आबांच्या वहीची.

आबा म्हणजे ऊस तोडणी-वाहतुकीचे कंत्राटदार. शहरातल्या ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ऊस तोडायला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादमामार्फत त्यांना आगाऊ पैसे मिळतात, त्याला म्हणतात उचल. मग हंगामभर ऊस तोडायचा आणि कामाचे पैसे उचलीतून वजा होत जातात. शेवटी जी बाकी उरते ती पुढच्या हंगामाला डोक्यावर.

आबांकडे 38 कोयते होते. सगळा हिशोब एका लाल वहीत, पेनने. त्या वर्षी त्यांना तो पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर हवा होता. प्रत्येकाच्या बाकीची छापील यादी काढून मुकादमाला द्यायची होती. काम माझ्याकडे आलं.

मी तीन दिवस एन्ट्र्या मारल्या. प्रत्येक कोयत्याचं खातं, त्याला उचल नावे, काम जमा. शेवटी वहीतल्या तोडणी खर्चाची बेरीज आली 18,63,000. टॅलीत आली 18,54,000. फरक 9,000.

रात्रीचे आठ वाजले होते. मी दोनदा तपासलं, सापडेना. मग डोकं चालवलं. तोडणी खर्च नावे 9,000, सस्पेन्स खातं जमा 9,000. एक जर्नल एन्ट्री. बेरीज जुळली! घरी जाताना मला वाटलं, बघा, शेवटी इंजिनिअरच कामाला आला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ट्रायल बॅलन्सवर नजर टाकली आणि बोट ठेवलं. "हे नऊ हजार कुणाचे?"

मी म्हणालो, "सर, फरक होता. एवढ्या रकमेत अर्धा टक्कासुद्धा नाही."

ते ओरडले नाहीत. म्हणाले, "अरे, मी किती टक्के ते नाही विचारलं. कुणाचे ते विचारलं."

मला उत्तर नव्हतं. मग ते म्हणाले, "फरकाला नऊने भाग जातो का बघ. जात असेल तर बहुतेक वेळा आकडे उलटे पडलेले असतात."

मी बीटेकवाला, मला हे कुणी शिकवलं नव्हतं. पण गणित सोपं आहे. शेजारचे दोन अंक, अ आणि ब, उलटे पडले की फरक येतो नऊ गुणिले अ वजा ब. म्हणून नेहमी नऊच्या पटीत. दरवेळी कारण हेच असेल असं नाही, पण शोधायला सुरुवात कुठून करायची ते कळतं. मी वही पुन्हा उघडली आणि 54 आणि 45 अशा जोड्या शोधायला लागलो. 26व्या कोयत्यावर सापडलं. वहीत काम 54,000. मी टॅलीत मारलं होतं 45,000.

आता नीट ऐका. त्या जोडीची उचल होती 60,000. खरी बाकी 6,000. माझ्या यादीत दिसत होती 15,000. बेरीज जुळवायला मी केलेल्या एन्ट्रीने आबांचा खर्च बरोबर झाला, पण त्या दोघांच्या डोक्यावर नऊ हजार तसेच राहिले.

साहेबांनी कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. तेव्हा तोडणीचा दर टनाला अडीचशेच्या आत होता. म्हणजे नऊ हजारासाठी 36 टनांहून जास्त ऊस. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. माझ्या एका उलट्या आकड्याची किंमत तीन आठवड्यांची मजुरी, थंडीत पहाटे उठून, लेकरं पालावर ठेवून.

"ती माणसं आता गावी आहेत," साहेब म्हणाले. "वहीवर भांडता येतं रे. छापील कागदाशी कोण भांडणार?"

मी जर्नल एन्ट्री काढली, आकडा दुरुस्त केला. सस्पेन्स शून्य. मग राहिलेले 37 कोयतेही वहीशी एकेक करून ताडून पाहिले. कुणी सांगितलं नव्हतं. यादी घ्यायला आबा आले तेव्हा मी त्यांना स्वतःहून सांगितलं की असं झालं होतं. आबांनी चष्मा लावून 26वी ओळ वाचली आणि म्हणाले, "बरं झालं, सापडलं." एवढंच.

आज मी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. मागच्या वर्षी दोन सिस्टिमच्या बेरजेत छोटा फरक येत होता. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, राउंडिंग असेल, सोडून द्या. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पण हे कुणाचे?" दोन दिवस लागले. राउंडिंग नव्हतं. काही ग्राहकांचा परतावा दोनदा कापला जात होता.

तर उत्तर असं. करा इंटर्नशिप, नक्की करा. फक्त टॅली शिकायला जाऊ नका, ती आठवड्यात येते. एखाद्या दुकानदाराची, कंत्राटदाराची वही मागून घ्या आणि आकड्यामागे कोण माणूस आहे ते विचारा. फरक आला तर सस्पेन्समध्ये टाकून घरी जाऊ नका. टाकावा लागलाच तर वहीत लिहून ठेवा आणि सकाळी आधी तोच शोधा. आणि चूक सापडली तर आपणहून सांगा, अवघड वाटतं, पण सांगा.

तुमच्या पहिल्या कामातली अशी एखादी चूक असेल तर मला व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. नाव नको असेल तर तसं सांगा. चला, भेटूया. काळजी घ्या!