जुन्या मोटारींतील डॅशपॉट

जुन्या इंग्रजी बनावटीच्या मोटारीचे झाकण उघडले, की इंजिनाच्या एका अंगास घंटेच्या आकाराचे ॲल्युमिनियमचे एक भांडे दृष्टीस पडते. त्याच्या माथ्यावर लहानशी टोपी असते. ती फिरवून वर उचलली, तर तिच्याबरोबर एक बारीक दांडी बाहेर येते आणि दांडीच्या टोकाशी तेल निथळत असते. हे तेल वंगणासाठी घातलेले असावे, अशी मालकाची साहजिकच समजूत होते. कित्येक मिस्त्र्यांचीही होते. आणि मग तेल संपले तरी कोणी फिकीर करीत नाही, कारण गाडी काही बंद पडत नाही. पण घाटातील चढावर पुढच्या लॉरीला मागे टाकण्यासाठी ड्रायव्हर पाय दाबतो आणि नेमक्या त्याच क्षणी इंजिन आचका देऊन दम सोडते. समोरून दुसरे वाहन येत असेल, तर हा एका क्षणाचा आचका फार महाग पडण्याचा संभव असतो. त्या चमचाभर तेलाचे खरे काम हा आचका टाळण्याचे होय.

या साधनास डॅशपॉट म्हणतात. शिमग्यात मुलांच्या हाती जी पितळी पिचकारी असते, तिच्यात याचे सारे तत्त्व साठवलेले आहे. पिचकारीचा दट्ट्या कितीही जोराने दाबला, तरी पाणी बारीक भोकातून जेवढे जाईल तेवढेच जाते आणि दट्ट्याला त्या बेताने सरकावे लागते. पाण्याऐवजी तेल घेतले तर विरोध आणखी वाढतो. कचेरीचे किंवा इस्पितळाचे दार न आदळता अलगद मिटते, तेही याच युक्तीने. मोटारीपूर्वी ही युक्ती वाफेच्या इंजिनात रुळलेली होती. अमेरिकेत जॉर्ज कॉर्लिस याने १८४९ साली ज्या इंजिनाचे पेटंट घेतले, त्या धर्तीच्या इंजिनांतील झडपा झटक्याने मिटत. मिटताना त्यांचा आघात सोसण्याचे काम डॅशपॉटकडे असे.

घंटेच्या आकाराचा हा कार्बुरेटर एस. यू. या नावाने प्रसिद्ध आहे. ही अक्षरे 'स्किनर्स युनियन' या नावाची. जॉर्ज हर्बर्ट स्किनर हा लंडनच्या एका मोठ्या पादत्राणे विकणाऱ्या घराण्यातला. त्याने व त्याच्या भावाने काढलेली कंपनी १९१० साली स्थापन झाली आणि १९२६ साली ती मॉरिसच्या हाती गेली. आरंभीच्या कार्बुरेटरांत दट्ट्याच्या जागी चामड्याचा भाता होता. जोडे विकणाऱ्या घराण्याला चामडे सुचावे, हे रीतीला धरूनच झाले! पुढे भाता जाऊन धातूचा दट्ट्या आला. मॉरिस आणि एम. जी. या गाड्यांवर हा कार्बुरेटर अनेक वर्षे बसत असे. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेल्या आपल्याकडील ॲम्बॅसडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनावरही तो होता. त्यामुळे सरकारी कचेऱ्यांच्या आवारांतून वावरलेल्या ड्रायव्हरांना ही घंटा परिचयाची आहे.

त्याची रचना मोठी सुबोध आहे. इंजिन हवा ओढून घेते. त्या ओढीमुळे घंटेतील हवेचा दाब कमी होतो आणि आतला दट्ट्या वर उचलला जातो. दट्ट्या जितका वर जाईल, तितकी हवेची वाट रुंद होते. दट्ट्याच्या बुडाशी एक निमुळती सुई लावलेली असते व ती पेट्रोलच्या तोटीत उतरलेली असते. दट्ट्याबरोबर सुई वर गेली, की तोटीचे तोंड अधिक उघडे होऊन पेट्रोलही त्या मानाने अधिक येते. वाट अशी आपोआप रुंद किंवा अरुंद होत असल्यामुळे तोटीवरून वाहणाऱ्या हवेचा वेग जवळजवळ कायम राहतो. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण राखण्याची याहून साधी तऱ्हा क्वचितच कोणास सुचली असेल.

अडचण उत्पन्न होते ती ड्रायव्हरने एकाएकी पाय दाबला म्हणजे. थ्रॉटलची झडप सताड उघडते आणि ओढ लागताच हलका दट्ट्या एकदम वर उडू पाहतो. तो तसा उडाला, तर हवेची वाट क्षणात मोकळी होते. हवा हलकी, ती तात्काळ धावते. पेट्रोल जड, ते मागे रेंगाळते. शिवाय जे येते त्यातील काही भाग नळाच्या भिंतींनाच चिकटून राहतो. ज्या क्षणी इंजिनाला दाट मिश्रण हवे, त्याच क्षणी त्याच्या वाट्याला पातळ मिश्रण येते. इंजिन आचका खाते. कधी कार्बुरेटरातून उलट फटकाही मारते.

येथे तेल उपयोगी पडते. दट्ट्याची दांडी पोकळ असून तिच्यात तेल असते, आणि टोपीस लटकलेली बारीक दांडी त्या तेलात बुडालेली असते. तिच्या टोकास एकाच दिशेने वाट देणारी छोटीशी झडप असते. दट्ट्या वर येऊ लागला, की ही झडप मिटते व तेलाला अगदी अरुंद फटीतून निसटावे लागते. दट्ट्या वर जातो, पण सावकाश. तेवढ्या अवधीत अरुंद वाटेतून हवा अधिक वेगाने खेचली जाते, तोटीवरील ओढ वाढते आणि पेट्रोल भरपूर येते. पाय सोडल्यावर मात्र झडप उघडते व दट्ट्या विनासायास खाली उतरतो. सोलेक्स, झेनिथ इत्यादी इतर कार्बुरेटरांत याच कामासाठी पेट्रोलची पिचकारी मारणारा स्वतंत्र पंप असतो, एस. यू.मध्ये तो खर्च चमचाभर तेलावर भागतो.

तेल मात्र योग्य जातीचे हवे. साधारणतः एस. ए. इ. २० क्रमांकाचे तेल सांगितलेले असते. गिअरबॉक्ससाठी आणलेले दाट तेल ओतले, तर दट्ट्या नको तितका रेंगाळतो आणि इंजिन पेट्रोलने गुदमरते. फार पातळ तेल घातले, तर ते न घातल्यासारखेच. तेल पुरेसे आहे की नाही, हे पाहण्यास मिस्त्रीही लागत नाही. टोपी परत बसवताना तिचे आटे काठाच्या सुमारे पाव इंच वर असतानाच हाताला विरोध जाणवला, म्हणजे तेल आहे असे समजावे.

अमेरिकन मोटारींत डॅशपॉट याच नावाचे एक निराळे साधन आढळते, आणि त्याचे काम बरोबर उलट आहे. एस. यू.चा डॅशपॉट पाय दाबतानाची घाई आवरतो, तर हा पाय काढतानाची. त्याचा आकार चपट्या डबीसारखा असतो. आत लवचिक पडदा व स्प्रिंग, बाहेर एक दांडी, आणि हवा सुटण्यास सुईएवढे भोक. थ्रॉटल मिटता मिटता अगदी शेवटच्या टप्प्यात तिचा दांडा या दांडीवर टेकतो, आणि डबीतील हवा सुटत जाईल तसतशी झडप हळूहळू मिटते.

१९४०च्या सुमारास अमेरिकेत आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या आल्या, तेव्हा या डबीची निकड विशेष भासली. अशा गाडीत क्लच दाबून इंजिन मोकळे करण्याची सोय नसते. तेलातून फिरणारी जोडणी इंजिनावर सतत ओझे ठेवते. त्यात थ्रॉटल एकदम मिटली, तर नळाच्या भिंतींना चिकटलेले पेट्रोल वाढलेल्या ओढीमुळे एकदम वाफ होऊन उठते. हवा थोडी, पेट्रोल फार. असे मिश्रण नीट पेटत नाही आणि इंजिन चौकातच बंद पडते. पुढे सुकाणूला व ब्रेकला इंजिनाच्या बळाचे साहाय्य मिळू लागल्यावर तर असे बंद पडणे केवळ त्रासाचे राहिले नाही. वळणावर ते बळ एकाएकी गेले, म्हणजे सुकाणू हातात जड होऊन बसते.

याच न पेटलेल्या पेट्रोलाने डबीला आणखी एक काम मिळवून दिले. लॉस एंजेलिस शहरावर पसरणारे, डोळे झोंबवणारे धुके कशाने होते, याचा शोध आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५०नंतर लावला. मोटारींतून बाहेर पडणारी पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते विष तयार होते, असे त्याने दाखविले. कॅलिफोर्नियाने १९६६च्या मॉडेलपासून मोटारींच्या धुरावर मर्यादा घातली व १९६८च्या मॉडेलपासून ती साऱ्या अमेरिकेत लागू झाली. मग पाय काढल्यावर निघणाऱ्या कच्च्या वाफेला आळा घालणाऱ्या साधनांत ही साधी डबीही जाऊन बसली.

जुन्या गाड्यांची हौसेने डागडुजी करणारे पुष्कळदा ती निरुपयोगी म्हणून काढून टाकतात. साध्या गिअरच्या गाडीत त्याने फारसे बिघडत नाही; आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत पहिल्याच चौकात प्रत्यय येतो. उलट, ती नको तितकी पुढे सरकवून बसवली, तर पाय काढल्यावरही गाडी काही वेळ ओढतच राहते, आणि उतारावर हा दोष इंजिन बंद पडण्यापेक्षाही वाईट. म्हणून आधी इंजिन तापवून त्याची मंद गती ठरवावी आणि डबीची दांडी त्यानंतरच जुळवावी. एवढे करूनही गाडी ओढत राहिली, तर डबीतील बारीक भोक धुळीने बुजले असण्याचा संभव अधिक. पडदा फाटला असेल, तर ती दांडी बोटाने दाबताच काही विरोध न होता आत जाते.